अर्ध्या चेहऱ्याची तसबीर

थेक्लाने अंडं फोडलं, पांढरं बोटांच्या फटींतून वाडग्यात गळू दिलं आणि उरलेला बलक ती या तळहातावरून त्या तळहातावर झेलू लागली. बलक असा कोरडा झाला की त्याचं पातळ कातडं चिमटीत धरून उचलायचं, खालून टोचायचं आणि आतलं पिवळं तेवढं रंगाच्या वाटीत सोडायचं. बोटं चिमटीच्या बेतात आली आणि नेमका दुकानातला उजेड गेला. बलक फुटला आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

दारात कुणीतरी उभं होतं. म्हणजे दार भरूनच उभं होतं.

"बाजूला हो रे बाबा," तिचा नवरा कोस्मास मान वर न करता म्हणाला. "संताच्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवतोय. तुझ्या सावलीनं आंधळा व्हायचा बिचारा."

सावली बाजूला झाली नाही, आत आली. येताना चौकटीवर कपाळ आपटलं आणि वरच्या फळीवरची धूळ कोस्मासच्या टकलावर पडली. आलेला माणूस उत्तरेकडचा होता. सम्राटाच्या राजवाड्यावर पहारा देणाऱ्या पथकातला. लाल दाढी आता राखेच्या रंगाकडे झुकलेली, डावा पाय थोडा लंगडा आणि खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड. या लोकांच्या पिण्यावरून अख्खं शहर त्यांना 'सम्राटाचे बुधले' म्हणत असे, अर्थात ते लांब गेल्यावर.

"कुऱ्हाड बाहेर," कोस्मास म्हणाला.

"बाहेर ठेवली तर चोरतील."

"ती उचलायला दोन चोर लागतील. आणि या गल्लीतले दोन चोर एकमेकांशी बोलत नाहीत."

थेक्लाला हसू आलं. तिने पटकन डोक्यावरच्या वस्त्राचा पदर तोंडाला लावला. गिऱ्हाईक समोर असलं की ती अशीच हसायची.

माणसाने कुऱ्हाड दाराबाहेर टेकवली आणि आपलं नाव केतिल असल्याचं सांगितलं. ग्रीक भाषा तो नीट बोलत होता, फक्त जड पेट्या एकावर एक ठेवाव्यात तसा एकेक शब्द ठेवत होता. त्याला तसबीर हवी होती. बंदराजवळ त्याच्या देशाच्या लोकांचं एक छोटं चर्च होतं, तिथं लावायला.

"कुठल्या संताची?"

"संताची नाही. बायकोची."

कोस्मासने आता मान वर केली. स्वभावाने तो वाईट नव्हता, पण आपल्या विद्येबद्दल कुणी अडाण्यासारखं बोललं की त्याच्या नाकपुड्या फुगत. चर्चमध्ये कुणाच्या बायका लावत नाहीत, हे त्याने चढ्या आवाजात सांगितलं. मग गिऱ्हाईक परत जाईल हे लक्षात आलं तसा आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "देवमाता मधे काढू. तिच्या पायाशी एका बाजूला तू गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूला तुझी बायको. लहान आकारात, हात जोडलेले. दान देणाऱ्यांना असं काढतात. ते चालतं."

"म्हणजे आम्ही दोघं एकाच फळीवर?"

"एकाच फळीवर. जगबुडी होईपर्यंत."

"मग तसंच काढा," तो म्हणाला.

त्याचा चेहरा काढायला काहीच वेळ लागला नाही. कोस्मासने कोळशाने फळीच्या उजव्या कोपऱ्यात दाढी काढली, दाढीला डोळे जोडले आणि काम झालं. "यांच्यापैकी कुणालाही दाखवलं तरी तो म्हणेल, हा मीच," तो थेक्लाच्या कानात पुटपुटला. मग डावीकडच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवून त्याने विचारलं, "आता ही. कशी दिसायची?"

"रान्वेग." केतिलने आधी नाव सांगितलं. मग तो उठला, दुकानाच्या मधोमध उभा राहिला, हात पोटाशी धरले आणि आपली भलीमोठी मान हळूच उजवीकडे वळवली. दाढीवाला, रुंद खांद्यांचा तो गडी एखाद्या बाईसारखा लांब कुठंतरी बघत राहिला. हसण्यासारखंच दृश्य होतं ते, पण थेक्लाचा हात पदराकडे गेला नाही.

"अशी," तो म्हणाला. "काठावर. होडी सुटली तेव्हा. हा डोळा, हे नाक, ही वेणी. मला एवढंच दिसतं आता."

"अर्धा चेहरा?"

"अर्धा."

"अर्धा चेहरा काढत नाहीत." कोस्मासने कोळसा खाली ठेवला. "अरे, भला माणूस दोन्ही डोळ्यांनी तुझ्याकडे बघतो. तू त्याच्याकडे, तो तुझ्याकडे, तसबीर असते ती त्याचसाठी. एका डोळ्याचं कोण असतं? सैतान असतो. आणि गुरूला विकणारा यहूदा. तुझ्या बायकोला त्यांच्या पंगतीत बसवू?"

"पण मी पाहिलं ते असंच."

गिऱ्हाइकाची समजूत पटावी म्हणून कोस्मासने एका फुटक्या फळकुटावर प्रयत्न करून बघितला. आयुष्यभर त्याच्या हाताने एकच अर्धा चेहरा गिरवला होता. कपाळ उतरलं, नाक पुढे आलं, ओठ पडले. तिघांनी वाकून पाहिलं तर वेणी घातलेला यहूदा.

"ही नाही," केतिल सभ्यपणे म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी तो परत आला. चौकटीवर कपाळ परत आपटलं. पथकाने त्याला पायामुळे मोकळं केलं होतं, त्यामुळे दिवसभर त्याला काम नव्हतं. सरस उकळायच्या चुलीजवळ एक उपडी बादली होती, तीवर तो बसू लागला. हळूहळू थेक्लाने त्याच्या हातात खलबत्ता दिला आणि तो गेरू कुटू लागला. बाईंवरून तो वहिनींवर आला. ती त्याला भावजी म्हणू लागली. दुपारी ऑलिव्ह, कांदा आणि कालची भाकरी तिघांत वाटली जाऊ लागली.

कोस्मास कुरकुरत असे, पण त्याला बोलायला माणूस मिळाला होता. "परवा थोरल्या चर्चच्या वरच्या सज्जात देवदूताचा पंख दुरुस्त करायला गेलो होतो," एकदा तो म्हणाला. "तिथल्या संगमरवरी कठड्यावर तुमच्यातल्या कुणीतरी सुरीनं होडी खरवडलीय. देवाच्या घरात! लाज वाटत नाही?"

केतिलने उजवा अंगठा मुठीत लपवला. "पूजा फार लांब असते, उस्ताद. आणि शब्द कळत नाहीत."

"म्हणजे तू!"

"होडीच्या पुढं एक उभी रेघ आहे. ती पाहिली का?"

"असेल. सुरी घसरली असेल."

"घसरली नाही," केतिल खलबत्त्यात बघत म्हणाला. "ती रान्वेग."

कोस्मासने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

थेक्लाने मग केतिलला थोडं थोडं करून बोलतं केलं. तिकडे, त्याच्या देशात, माणसाची तसबीर काढतच नाहीत. कुणी परदेशात मेला तर गावाच्या वाटेवर एक मोठा दगड उभा करतात, त्यावर वेटोळं घातलेला साप कोरतात, सापाच्या अंगावर मेलेल्याचं नाव, आणि सगळं लाल रंगवतात.

"माणूस मेला की साप?" कोस्मासने विचारलं.

"तुम्ही तरी काय, माणूस मेला की सोनं फासता."

केतिलच्या लग्नाला तेव्हा एकच हिवाळा झाला होता. वसंतात वरच्या खोऱ्यातल्या सरदाराची होडी दक्षिणेला निघाली आणि तिथला हातापायांत बळ असलेला प्रत्येक जण तीत चढला. केतिलही चढला. दोन उन्हाळ्यांत येतो, असं तिला सांगून. ती काठावर आली होती. होडी सुटली तेव्हा त्याने वल्हं धरलेलंच होतं, तरी मान वर काढून तिच्याकडे बघत राहिला. ती मान वळवून दुसरीकडेच बघत होती. तलावाच्या वळणापर्यंत तो वाट बघत होता. वळणाशी झाडी आडवी आली, तोवर तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नाही आवडलं तिला माझं जाणं," केतिल म्हणाला. "तोंडानं बोलली नाही, पण तोंड फिरवलं. आमच्याकडं बाई तोंड फिरवते म्हणजे दार लागलं."

दोन उन्हाळे गेले आणि त्यावर कितीतरी गेले. दरवेळी व्यापाऱ्यांच्या होड्या उत्तरेला निघाल्या की तो बंदरावर जायचा आणि परत यायचा. मधे एकदा तिच्याच खोऱ्यातला एक पोरगा पथकात भरती झाला होता. तो म्हणाला, आहे की ती. शेळ्या आहेत, घर आहे, दुसरा नवरा नाही केला.

"मग जात का नाही, भावजी?" थेक्लाने विचारलं. "आता तर मोकळे आहात. देवमातेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी होड्या सुटतायत म्हणे."

"कशाला जाऊ? तेच फिरवलेलं तोंड बघायला?" त्याने खलबत्त्यावर जोर दिला. "इथंच राहीन. बंदराजवळ खोली बघितलीय. तसबीर चर्चमध्ये लावीन, रोज जाऊन बसेन समोर. ती माझ्याकडं बघत नसली तरी चालेल. मी बघेन."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. थेक्लाने वाटी उचलली आणि उगीचच विसळून आणली.

*

सण चार दिवसांवर आला तेव्हा कोस्मास एका मठात तयार तसबीर पोचवायला गेला. फळीवर देवमाता पूर्ण झाली होती. निळं वस्त्र, सोन्याची प्रभा, मोठे शांत डोळे. उजवीकडे केतिल गुडघ्यावर बसला होता, दाढीचा एकेक केस मोजावा असा. डावी बाजू पांढरीच होती.

दुकान मुळात थेक्लाच्या बापाचं. लहानपणापासून ती तिथं होती, वस्त्रांच्या चुण्या, झाडं, डोंगर, सोन्याचा वर्ख ही कामं तीच करायची. चेहरे मात्र कोस्मास करायचा. तसा रिवाजच होता आणि तिने कधी त्याबद्दल तक्रार केली नव्हती. आज तिने कोळसा उचलला.

"सांगा, भावजी. कपाळापासून."

"कपाळ उंच. अं हं, एवढं नाही. नाक सरळ येतं आणि टोकाशी जरा थांबतं. हां. वरचा ओठ पुढं. हनुवटी अशी, कुणी काही म्हटलं तर म्हणू दे अशी. वेणी खांद्यावरून पुढं घ्यायची ती."

थेक्ला काढत गेली, पावाच्या तुकड्याने खोडत गेली, परत काढत गेली. केतिल आधी बादलीवर होता, मग उभा राहिला, मग तिच्या खांद्याशी आला. एकाएकी त्याने बोलणंच थांबवलं. तिने मागे वळून पाहिलं.

"हीच," तो म्हणाला.

कोस्मास परत आला तो घामाघूम होऊन आणि मठातल्या साधूंना शिव्या घालत. फळी पाहिली आणि त्याच्या शिव्यांची दिशा बदलली. देवमातेच्या पायाशी एकडोळी बाई! त्याच्या दुकानात! कुणी पाहिलं तर उद्यापासून गिऱ्हाईक पायरी चढेल का? थेक्ला ऐकत राहिली. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती, की याची वाफ गेली की हा बघायला लागतो. तसंच झालं. कोस्मास पुढे वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"नाक बरं आलंय," तो शेवटी म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे फार झालं. "आता मी हिला वळवतो. रेषा हीच धरायची, फक्त तोंड इकडे आणायचं. तिनं नसेल पाहिलं तुझ्याकडे, माझ्या फळीवर पाहील. बोल, दुसरा डोळा कसा?"

"याच्यासारखाच."

"भुवई?"

"तशीच. पण अर्धीच."

"अर्धी म्हणजे?"

"पुढं केस येत नाहीत ना तिथं. भाजलंय." घराच्या मागे विहीर आहे, असं सांगावं तसं केतिलने सांगितलं.

"काय भाजलंय?"

"तो गाल. लहान असताना उकळत्या दुधाचं भांडं अंगावर आलं तिच्या. कानापासून हनुवटीपर्यंत." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरसाच्या भांड्यावर वाळून सुरकुतलेली साय बोटाने दाखवली. "ही अशी आहे कातडी."

कोस्मासने कोळसा आपटला. "आणि हे तू आत्ता सांगतोस? इतके दिवस इथं बसून माझे ऑलिव्ह खातोयस! एवढा मोठा डाग—"

"डाग?" केतिल गोंधळला. "डाग कुठाय? गाल आहे तो तिचा. मी त्याच बाजूला बसायचो. चुलीजवळ तिची ती बाजू माझ्याकडं असायची. थंडीत तिथं ओढ बसायची तिला, मग मी चरबी कोमट करून लावायचो."

थेक्ला पुढे सरकली. "घरात ती बाजू तुमच्याकडे," ती म्हणाली. "आणि बाहेर?"

"बाहेर काय?"

"बाजारात. कुणाच्या लग्नात. परकी माणसं आली की कशी उभी राहायची?"

"तेव्हा अशी." त्याने फळीवरच्या कोळशाच्या चेहऱ्याकडे बोट केलं. "परकं कुणी आलं की ही बाजू पुढं. सगळ्यांना ठाऊक होतं, तिची सवयच आहे ती, लोकांसमोर ती नेहमी—"

तो तिथं थांबला. बोट फळीकडेच राहिलं.

थेक्लाने हलकेच विचारलं, "होडीत कोण कोण होतं, भावजी?"

"वरच्या खोऱ्यातली पोरं," तो म्हणाला. "मी एकटाच आमच्या गावचा. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. काठावर सगळ्यांच्या बायका उभ्या होत्या, आणि ती पोरं... त्यांचं चाललं होतं. कुणाची बायको देखणी म्हणून. पैजा लावत होते. मोठ्यानं. काठावर ऐकू जात होतं."

"आणि तुमची?"

"म्हणाले, केतिलची झकास आहे."

बाहेर गल्लीत कुणीतरी मासे ओरडून विकत होतं. मग केतिल मागे न बघता बसला. बादली तिथं होती, हे नशीब. त्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडावर दाबली. एवढे रुंद खांदे हलताना पाहून थेक्लाला स्वतःचंही रडू आवरेना. त्या मुलीने वळणापर्यंत मान अवघडून धरली होती, नवऱ्याला चार लोकांत कुणी हसू नये म्हणून. आणि हा अर्धं आयुष्य ते दार लागलं समजून बाहेर बसला होता.

कोस्मासला मात्र अजून नीट उमगलं नव्हतं. "पण बाई नवऱ्याकडे एकदा तरी बघणार नाही का?" तो म्हणाला.

थेक्लाने डोळे पुसले. "अहो, मी लोकांत हसताना तोंडावर पदर घेते, तो कशाला?"

"लाजतेस म्हणून."

"या वयात?" तिने त्याच्याकडे तोंड करून ओठ फाकवले. वरचा पुढचा दात नव्हता.

कोस्मास बघतच राहिला. "हा कधी पडला?"

"आपल्या धाकटीच्या लग्नाआधी."

"धाकटीला तर पोरं झाली!"

"घरात मी रोज हसते की तुमच्यासमोर. सताड. तुम्हाला दिसला नाही, यात तुमचा काही दोष नाही."

केतिलने टोपी खाली घेतली. नाक लाल झालं होतं, पण तोंडावर हसू फुटायला बघत होतं. ते फुटलं नाही. "पण आता," तो म्हणाला, "आता तर ती खरंच रागावली असेल. दोन उन्हाळे म्हणालो होतो मी."

"असेल ना. असायलाच हवी. मी असते तर केरसुणी घेऊन दारात उभी राहिले असते." थेक्लाने पावाच्या तुकड्याने बोटांवरचा कोळसा पुसला. "पण ती समोरून रागावेल, भावजी. तुम्ही घरातले आहात."

कोस्मास खाकरला. भावना फार झाल्या की तो धंद्याकडे वळायचा. "हे बघ, आमच्याकडे असले व्रण काढत नाहीत. मी दोन्ही गाल सारखे करून देतो. नितळ. कुणाला कळणार पण नाही."

"मग ती दुसरीच कुणीतरी होईल, उस्ताद," केतिल म्हणाला.

कोस्मासने आपटलेला कोळसा उचलून ठेवून दिला.

*

सणाच्या दिवशी दुकान बंद होतं, तरी केतिल आला. खांद्यावर कुऱ्हाड नव्हती, ती त्याने पथकाला परत केली होती. कमरेला साधा दोर, पाठीवर गाठोडं, हातात दारूचा एक फुगलेला बुधला. चौकटीशी आल्यावर तो थांबला, वाकला आणि पहिल्यांदाच न आपटता आत आला. कोस्मासने वर फळीकडे बघत धूळ पडायची वाट पाहिली. पडली नाही.

"सम्राटाच्या बुधल्याकडून एक बुधला," केतिल म्हणाला आणि तो त्याच्या पुढ्यात ठेवला.

"म्हणजे तुला माहीत होतं आम्ही काय म्हणतो ते?"

"उस्ताद, तुम्ही लोक फार मोठ्यानं कुजबुजता."

थेक्लाने भाकरी, खारे मासे आणि सुके अंजीर बांधून ठेवले होते. अंजिरांची पुरचुंडी वेगळी होती. "ही तिची," ती म्हणाली. "वाटेत उघडायची नाही." मग तिने एक लहान डबीही दिली. आत मेण आणि बदामाचं तेल एकत्र घोटून केलेला लेप होता. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. केतिलने झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि डबी गाठोड्यात न ठेवता अंगरख्याच्या आत ठेवली.

"आणि तसबीर?" कोस्मासने विचारलं. "चर्चमध्ये देऊ लावून? ती बाजू तेवढी भरून?"

केतिल फळीपुढे जाऊन उभा राहिला. स्वतःच्या दाढीकडे त्याने पाहिलंही नाही. कोळशाच्या त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघता बघता तो एक पाऊल बाजूला सरकला, मग आणखी एक, जणू थोडं फिरून गेलं तर पलीकडचा गाल दिसेल.

"राहू द्या इथंच," तो म्हणाला. "पलीकडची बाजू मी बघतो."

निघताना त्याने कोस्मासला मिठी मारली. कोस्मासचे पाय जमिनीपासून सुटले आणि तो खाली येईपर्यंत ओरडत राहिला. थेक्लासमोर मात्र केतिल नुसता वाकला. ती हसली, आणि त्या वेळी तिने तोंडाला पदर लावला नाही.

*

शरद सरला, मग बर्फाळ वाऱ्याचे दिवस आले आणि उत्तरेकडची वाट बंद झाली. फळी दुकानातच होती. कोस्मास रोज म्हणायचा, उद्या खोडतो. एकदा त्याने खरंच पाव हातात घेतला होता आणि मग तो खाऊन टाकला. एका संध्याकाळी थेक्लाने पाहिलं तर त्याने कोळशाच्या रेषांवर हलक्या हाताने रंग चढवला होता, आधी हिरवट माती, मग गेरू, मग पांढऱ्याचा अगदी थोडा उजेड. वेणी रंगवायची थेक्लासाठी सोडली होती. त्या चेहऱ्यासमोरची जागा, जिथं दुसरा गाल आला असता, ती त्याने सोन्याने न भरता तशीच कोरी ठेवली होती.

वसंतात एक धर्मसेवक आपल्या चर्चसाठी तसबीर सांगायला आला. चांगला मोठा माणूस, अंगठ्या घातलेला. भिंतीवरच्या कामांवरून त्याची नजर फिरत आली आणि त्या फळीवर अडकली. त्याने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"हे काय, कोस्मास? देवमातेच्या पायाशी एकडोळी? तुझ्यासारख्या जाणत्या माणसानं? कोण आहे ही?"

थेक्ला कोपऱ्यात अंड्याचा बलक तळहातावर झेलत होती. हे गिऱ्हाईक गेलं तर उन्हाळा जड जाणार होता.

कोस्मास एका संताच्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवत होता. तो त्याने नीट ठेवला, मागे सरकून पाहिला आणि मग ब्रश पुसत म्हणाला, "बाई भली आहे, महाराज. वळतेय ती. लांबचा रस्ता आहे, वेळ लागतो."